तेल लावलेला ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पुढच्या डाव्या चाकाचा. भडगावजवळच्या एका खळ्यात भिंतीला टेकून उभा असतो. पण मन काही जागेवर बसत नाही, ते अजून रस्त्यावरच फिरतं.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या अंगावरची नक्षी खोल होती. कुंदनच्या गाडीला मला बसवलं. दसऱ्याला झेंडूची माळ मिळाली, पुढ्यात लिंबू ठेवलं. "गाडी काय पकड घेते!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचो. जळगाव, धुळे, पहूर, पाच वर्षं धावलो. नक्षी झिजत गेली तसं माझ्याकडे बघणं सगळ्यांनी सोडलं. एक दिपमाला तेवढी बघायची.

दिपमाला म्हणजे कुंदनची बायको. लेक मोहिनी झाल्यापासून तिला जिथे तिथे धोके दिसतात, असं घरचे म्हणायचे. खरं सांगू? मलाही दिसायचे. थंडीत माझ्यातली हवा आपसूक उतरते. सकाळी गिरणेच्या पुलावर धुकं, डांबरावर दव, आणि पुढे एखादी मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली. अशा वेळी माझ्या पोटाशी बसलेला ब्रेक हाच माझा आधार. यंदा मार्गशीर्षात नेमका तोच करकरायला लागला. त्याचे पॅड संपत आले होते. ती त्याची हाक होती.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला निघायचं होतं, दिपमालाच्या भावाच्या साखरपुड्याला. तिने आगकाडी गुल खाली करून माझ्या नक्षीच्या खाचेत उभी धरली. गुल जवळजवळ सगळा बाहेर राहिला.

"अहो, टायर गेलाय. ब्रेकही वाजतोय. गॅरेजवाल्या निंबाभाऊंना दाखवून या ना."

"आल्यावर दाखवू," कुंदन हसला. "काडीपेटीने टायर मोजणारी तू पहिलीच."

हे उखर्डू आबांनी ऐकलं. आबा म्हणजे कुंदनचे आजोबा. सगळा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला. नातसुनेचा उतरलेला चेहरा त्यांना बघवेना. दुपारी ते तेलाची कुप्पी घेऊन माझ्याजवळ बसले.

"कायले रडस रे भो?" असं म्हणत त्यांनी चाकाच्या फटीतून ब्रेकच्या चकतीवर तेलाची धार सोडली. बैलगाडीच्या आसाला सोडतात, अगदी तशी.

आबा, नको! मी किंचाळलो. आबांनी मला मायेने थोपटलं आणि उठून गेले.

सकाळी खळ्यात धुकं उतरलं होतं. कुंदनने गाडी बाहेर काढली. दिपमाला मोहिनीला शालीत गुंडाळून उभी होती, पण आत बसेना.

"आधी रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबून दाखवा."

"अगं, आता तर करकरही बंद झाली!"

"म्हणून तर. आपोआप कशी बंद झाली?"

कुंदन चिडला. गाडी खळ्याच्या टोकाला नेली, वेग घेतला आणि ब्रेक दाबला. माझी चकती बुळबुळीत. मी जीव एकवटला, पण फिरतच राहिलो. उजव्या चाकाने तेवढी पकड घेतली. गाडी तिकडे ओढली गेली आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसली.

कुंदन उतरला तो घामाने भिजून, एवढ्या थंडीत. दिपमालाने मोहिनीला छातीशी घट्ट धरलं होतं. आबा काठी टेकत आले.

"चाक रडे, म्हनीसन मी तेल टाकं," ते म्हणाले. "गाडाले टाकतस ना."

कुंदनने लगेच निंबाभाऊंना फोन लावला.

निंबाभाऊ आले. "आबा, तेल लावायचं ते चाक फिरावं म्हणून. ब्रेकचं काम चाक अडवायचं," ते म्हणाले. त्यांनी चकत्या धुतल्या, दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, पुढचे दोन्ही टायर नवे चढवले, हवा मोजली. मला खळ्यात ठेवून सगळे निघाले. साखरपुड्याला उशिरा पोचले, पण पोचले.

आबांनी मात्र कुप्पीला हात लावणं सोडलं. चार दिवस गेले. मग दिपमालानेच ती त्यांच्या हातात दिली.

"आबा, पाळण्याची कडी वाजते. मोहिनी दचकून उठते. तेवढं तेल घालता का?"

आबा लगबगीने उठले. आता पाळणा हलतो, पण वाजत नाही.

मित्रांनो, थंडी पडायच्या आत माझ्या भावंडांची नक्षी बघा, हवा बघा. आणि ब्रेक करकरला तर त्याला गप्प करू नका, का करकरतो ते शोधा. आमच्यात बोलता येतं ते त्यालाच. मी तर त्या दुपारी जीव तोडून किंचाळलो होतो, आणि आबांनी मला थोपटलं.