दुखण्यागणिक एक कप्पा

गल्लीत त्याला सगळे ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. औषधाचं दुकान त्याचं. कुणी काउंटरवर कोपर टेकून “पोटात जळजळतंय” म्हणालं की त्याचा हात न बघता मागच्या कप्प्यात जायचा. पित्ताचा कप्पा वेगळा, खोकल्याचा वेगळा, सांधेदुखीचा वेगळा. गिऱ्हाईक बरं व्हायचं, निदान तक्रार करायला परत यायचं नाही, आणि ह्याची कॉलर ताठ.

बायकोलाही त्यानं असंच औषध दिलं. तिची हाडं दुखायला लागली, तर कॅल्शियमच्या गोळ्या आणि वर ड जीवनसत्त्वाची पुडी. पोट साफ होईना, तर चूर्ण. मळमळलं, तर पित्ताची गोळी. मूतखडा झाला, तर सिरप. खडा पडला तेव्हा ह्यानं दुकानात ती बातमी लढाई जिंकल्यासारखी सांगितली. सारखी तहान लागते म्हणाली, तर “उन्हाळा आहे.” थंडीतही लागते म्हणाली, तर “पाणी पिणं चांगलंच असतं.”

मग ती मलूल झाली. ही बाई खरं तर जिभेची तिखट. नवऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. आता ती गॅस चालू ठेवून विसरायची, भिंतीकडे बघत बसायची, काही विचारलं तर रडायची. अर्ध्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. इतकी दुखणी, इतके कप्पे, पण बाई एकच आहे हे त्या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

एके सकाळी ओली चादर पिळताना तिचं मनगट काडकन मोडलं. पडली नाही, आपटली नाही, नुसती चादर पिळत होती. माहेरपणाला आलेली लेक तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. बाप वेदनाशामक शोधायला लागला, तर म्हणाली, “बाबा, पुरे झालं आता. दुकान बंद करा आणि चला.”

हाडांचे डॉक्टर एक्स-रेकडे बराच वेळ बघत राहिले. “या वयात इतकी विरळ हाडं? रक्तातलं कॅल्शियम बघू.”

“कमीच असणार,” अर्धे डॉक्टर म्हणाले. “म्हणून तर मी रोज देतोय.”

रिपोर्ट आला आणि तिला तातडीनं दाखल करून घेतलं. कॅल्शियम इतकं वाढलं होतं.

ग्रंथींच्या डॉक्टरीणबाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या. “गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. पॅराथायरॉइड. नाव सारखं, काम वेगळं. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांतून काढायचं, पुरेसं झालं की गप्प बसायचं. यांच्या एका ग्रंथीवर गाठ आहे, आणि ती गप्प बसतच नाहीये.”

“कशावरून?” लेकीनं विचारलं.

“कॅल्शियम वाढलं की त्या ग्रंथीचं संप्रेरक खाली यायला हवं. इथे दोन्ही वर आहेत. हाडं, खडे, पोट, तहान, विसरणं, हे सगळं त्या एकाच गाठीचं दिसतंय.”

“कॅन्सर?”

“बहुतेकदा नसतो. काढल्यावर तपासूच. औषधं कोणती चालू होती?”

त्यानं यादी सांगितली. कॅल्शियमपाशी आवाज खाली गेला.

“कोणी लिहून दिली?”

“मीच.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “गाठ तुमच्यामुळे झाली नाही. पण भरल्या पिंपात तुम्ही पाणी ओतत होतात. आणि फार उशीर झालाय. मूत्रपिंडं बरीच खराब झालीत, ती पूर्ववत होणार नाहीत.”

तो पुढे वाकला. “आणि डोकं? ती पहिल्यासारखी बोलेल?”

“तशी आशा आहे.”

तेवढंच त्यानं घट्ट धरलं. पथ्यपाणी करू, पुढे डायलिसिसच्या मशीनवर न्यावं लागलं तर नेऊ, पण तिनं एकदा आपल्याला टोमणा मारावा. दुसरं काही त्याला नको होतं.

सलाइन लावून कॅल्शियम थोडं उतरवलं. सोनोग्राफी झाली. मग शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन गळ्याचे फोटो काढले, त्यात डावीकडे खाली गाठ उठून दिसली. शस्त्रक्रियेत ती काढली आणि टेबलावरच रक्त तपासलं. संप्रेरक झपाट्यानं उतरलं होतं. गाठ बदामाएवढी होती, आणि साधीच निघाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांना मुंग्या आल्या. नर्सनं कॅल्शियमचं इंजेक्शन तयार केलं, तसा तो दचकून उठला. “आता कॅल्शियम?”

“उपाशी हाडं आता रक्तातलं ओढून घेतात, काका. आता लागतंय.”

तो खाली बसला. गोळीचं नाव त्याला पाठ होतं, तिची वेळ कधी कळलीच नव्हती.

हळूहळू तिच्या डोळ्यांत जाग आली. एका दुपारी तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. “दाढी करा. पेशंट कोण ते लोकांना कळेना.”

तो ढसाढसा रडला. “आलीस बाई परत!”

“गेले कुठे होते? इथेच होते. सुचत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.” ती थांबली. “दुकानात येऊन म्हटलं होतं मी, मला मोठ्या डॉक्टरांकडे न्या. आठवतं?”

आठवत होतं. काउंटरवर गर्दी होती. “काम नको असलं की हिची हाडं दुखतात,” असं तो म्हणाला होता, आणि लोक हसले होते.

“तुम्हीही हसलात,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“चुकलो गं मी.”

“हो,” ती म्हणाली, आणि कुशीवर वळली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सवयीनं चिठ्ठी त्याच्यापुढे केली. तिनं प्लास्टर नसलेला हात पुढे केला. “माझ्याकडे द्या. कुठली गोळी कशासाठी, ते मला सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं आणि तिची औषधं काढून काउंटरवर मांडली. तेवढ्यात लेक दुकानावरून पुढे गेली. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या औषधवाल्याकडे रांगेत उभी राहिली, आणि त्या दुकानाच्या नावाची पिशवी घेऊन सगळ्या गल्लीदेखत परतली.

जेवायला घरी गेल्यावर न राहवून त्यानं बायकोला विचारलं, “अगं, घरचं दुकान असताना?”

“घरचं होतं म्हणूनच इतकी वर्षं गेली,” ती म्हणाली, आणि पिशवी उशाशी ओढून घेतली.