साती समुद्रांचं गाऱ्हाणं

कशेडी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान सदूच्या घराकडं आजा-पणजापासून होता. माणूस एरवी मोजकं बोलणारा, पण जननीआईसमोर उभा राहिला की त्याला कंठ फुटायचा. गुरं आजारी पडोत, कुणाच्या पोरीचं लग्न अडो, गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असायचा. "जी काय इडापिडा आसंल ती साती समुद्रात ने गो आई!" त्यावर सगळी वाडी एका आवाजात म्हणायची, "व्हय गो आई!" डोंगरातल्या माणसांना समुद्र म्हणजे नकोशी वस्तू टाकायची जागा. तिथं आपलं कुणी नाही, मग लागेल कुणाला? पिढ्यान्‌पिढ्या पीडा तिकडं पाठवल्या, कधी कुणी तक्रार केली नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात निम्मं भात कापून झालं होतं, पेंढ्या शेतात वाळत पडल्या होत्या, आणि अरबी समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली. सदूची मुलगी अक्षदा पोलादपूरला कॉलेजात जायची. तिच्या मोबाइलवर वाऱ्यांचा नकाशा दिसायचा. निळ्या पाण्यावर एक जांभळा भोवरा गरगरत होता आणि त्याचा रोख आपल्याच किनाऱ्याकडं होता. "परवापर्यंत इकडे येईल, बाबा," ती म्हणाली. कापलेलं भात भिजलं की त्याला कोंब फुटतात, मग ते कोंबडीसुद्धा नीट खात नाही.

त्याच संध्याकाळी वाडी देवळात जमली. सदूनं एवढा जीव ओतून गाऱ्हाणं कधी घातलं नव्हतं. "आई, ह्या वादळाचं त्वांड फिरव! जमिनीला पाय लावू देऊ नको. साती समुद्रात ने, तिथंच फिरू दे, तिथंच मरू दे!"

"व्हय गो आई!" देऊळ दणाणलं. बायकांच्या रांगेत रखमा उभी होती, सदूच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. तिनं तोंडाला पदर लावला होता. धुपाचा धूर लागला असेल, असं सदूला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भोवरा खरंच वळला. तो किनारा सोडून आत खोल पाण्याकडं निघाला. शेजारचा महादू धावतच ओट्यावर आला. "सदूदादा, तुझ्या तोंडून आईच बोलली रे!" सदू वरवर नको नको म्हणाला, पण आतून टम्म फुगला होता. त्यानं अक्षदाला मोबाइल आणायला लावला आणि भोवऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्ये आता हाय कुठं?"

"आत, खोल समुद्रात."

"आन तिथं काय हाय?"

"काही नाही, बाबा. नुसतं पाणी."

सदू समाधानानं हसला. हसू ओठांवर होतं तोच रखमा अंगणात आली. ती ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली. "भावोजी, रितेशचा फोन लागत नाय."

रितेश तिचा एकुलता एक मुलगा. नारळी पौर्णिमेनंतर तो हर्णैच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. घाट ओलांडून जाणाऱ्या दापोलीच्या एसटीत त्याला बसवलं होतं ते सदूनंच. "डोंगरातली शेळी निघाली दर्यावर," अशी थट्टाही केली होती. आणि गाऱ्हाणं घालताना तो त्याला आठवलाही नव्हता. एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला पुतण्या असं तोलून बघितलं असतं, तर निदान पाप समजून केलं असं तरी झालं असतं. इथं तर बापाच्या मागं आपण वाढवलेला पोर आपल्या गावीही नव्हता. रखमाचा पदर धुरासाठी नव्हता, हे सदूला आता कळलं आणि त्याला तिच्याकडं बघवेना.

हर्णैला फोन लागले. बंदरावर धोक्याचा बावटा चढला तशा बाकीच्या बोटी परतल्या होत्या, ही परतली नव्हती. आधीच लांब गेली होती, इंजिनाची कुरकुर होती म्हणे. सदू अक्षदाच्या मागं लागून बातम्या वाचून घेऊ लागला. 'समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.' हे वाक्य त्यानं जन्मभर रेडिओवर ऐकलं होतं आणि दर वेळी, आपलं काय त्यात, म्हणून विडी पेटवली होती.

"लाटा केवढ्या आसतील गो?" त्यानं विचारलं.

अक्षदानं अंगणातल्या आंब्याच्या शेंड्याकडं पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

इकडं वाडीत ऊन कडक पडलं होतं. महादू दोनदा येऊन गेला. आईनं ऐकलं, आता तिचा नारळ थकवायचा नसतो, असं त्याचं म्हणणं. सदू आज-उद्या करत राहिला. शेवटी वाडीच देवळात जमली आणि त्याला बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

नारळ हातात घेऊन तो उभा राहिला. "आई," एवढं म्हटलं आणि हातातल्या नारळाकडं बघितलं. कशासाठी उपकार मानायचे? रितेशच्या डोक्यावर वादळ नेऊन ठेवलंस म्हणून? त्यानं नारळ खाली ठेवला आणि हात जोडले. "आई, माजं चुकलं. समुद्रात आपला पोर हाय, त्ये मी इसरलो. दिलंस त्ये माघारी घे. त्ये वादळ हिकडं आण. भात भिजलं तर भिजू दे."

देवळात कुणी व्हय म्हटलं नाही. महादू ताडकन उठला. "आरं येड लागलं का? तुज्या एकट्याचं भात हाय काय शेतात?" खोटं काय बोलत होता तो? सगळ्यांच्या पेंढ्या उघड्यावर होत्या. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एकच बारीक आवाज आला.

"व्हय गो आई."

रखमाचा होता तो. एकेक जण उठून चालतं झालं.

वादळ काही माघारी आलं नाही. ते दूर पाण्यावरच विरलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सदूचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"काका, मी रितेश. देवगडला लागलो. इंजिन बंद पडलं व्हतं, दुसऱ्या बोटीनं वढत आणलं. माजा मोबाइल गेला पाण्यात. आईला सांग, बरा हाय."

सदूनं ओट्यावरूनच रखमाला हाक मारली. "पोरा," तो म्हणाला. "लई हाल झाले आसतील रे?"

"झाले तर. रातभर पाणी उपसत व्हतो. बोटीवर सगळी देवाचा धावा करत व्हती, ह्ये वादळ जमिनीकडं ने, तिथं जाऊन मरू दे." रितेश सांगत होता. "मी तसं नाय म्हटलं, काका. मी गपच बसलो. म्हटलं, आपलं भात कापून पडलेलं आसंल. नाय भिजलं ना?"

हाक ऐकून रखमा धावत आली होती, तिच्या हातात त्यानं फोन दिला. "जेवलास का रे?" असं ती विचारत होती आणि रडत होती. सदू ओटा उतरून शेताकडं गेला. बांधाजवळच्या पहिल्याच पेंढीपाशी तो खाली बसला आणि तिच्यात कोपरापर्यंत हात घातला. भात आतपर्यंत कोरडं होतं.