तरंगलेलं अंडं

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, आणि गेली सतरा वर्षं माझ्या पोटात एक पत्र होतं.

मित्रांनो, पंपाच्या पोटात पत्राचं काय काम, असं तुम्ही विचाराल. खरं आहे. पत्र आलं ते माझ्या मालकांना. त्यांना ते फाडवेना आणि त्याचं उत्तरही लिहवेना. एके दुपारी त्यांनी खोलीचं दार लोटलं, माझं झाकण फिरवून उघडलं, पत्राची घडी आत टाकली आणि झाकण घट्ट बसवलं. माझ्या तळाशी तेव्हा थोडं तेल उरलं होतं. कागदाने ते हळूहळू पिऊन घेतलं. आता तो काचेसारखा झाला आहे आणि अक्षरं दोन्ही बाजूंनी दिसतात. आतल्या अंधारात मी ती इतक्यांदा वाचली आहेत, की मला पत्र तोंडपाठ आहे. ते मी तुम्हाला सांगेन, पण आधी माझी हकीकत. मला ती नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. माझं काम फवारण्याचं, बोलण्याचं नव्हे.

एका लांबट शेडमध्ये, हातोड्यांच्या गोंगाटात माझा जन्म झाला. पाठीला बसेल अशी माझी टाकी वाकवली गेली. डाव्या हाताला दांडा, उजवीकडे नळी, नळीच्या टोकाला नोझल आणि आत चामड्याचा वायसर. मला वाटलं होतं, मी फळझाडांवर औषध मारीन आणि फळांच्या वासात म्हातारा होईन. पण मला विकत घेतलं मासेमारांच्या सोसायटीने.

सोसायटी एका भल्यामोठ्या तलावाच्या काठी होती. मधोमध एक खडकाळ बेट होतं आणि त्यावर पाणकावळ्यांची वस्ती. पाणकावळा तुम्ही पाहिला असेल. काळा, लांब मानेचा, हिरव्या डोळ्यांचा. पाण्यात बुडी मारून मासा धरतो आणि मग पंख पसरून वाळवत उभा राहतो. दुरून वाटतं, कुणीतरी काळे कोट वाळत घातले आहेत. चाळीसेक घरटी होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. पण सोसायटीने तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडायला सुरुवात केली, आणि आयतं ताट वाढलेलं पाहून पाणकावळे वाढतच गेले. घरटी तीन हजारांवर पोहोचली. बेटावरची झाडं विष्ठेने पांढरी पडून मेली. जाळ्यात येणाऱ्या माशांच्या अंगावर चोचींचे घाव असत, आणि पुढे जाळ्यात तेही येईनात. काठावरच्या निम्म्या होड्या पालथ्या पडल्या.

लोकांनी फटाके वाजवले, पत्र्याचे डबे बडवले, बंदूकही चालवून पाहिली. पक्षी उठायचे, एक गिरकी घ्यायचे आणि परत बसायचे. अंडी फोडली तर पक्षीण आठवड्यात नवी घालायची.

तेव्हा उपाय सुचवला सोसायटीच्या लेखनिकाने. हेच माझे पुढचे मालक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. सडपातळ, लाजाळू माणूस. खिशात नेहमी एखादं पुस्तक आणि बोलताना नजर पायाच्या अंगठ्यावर. भर सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "अंड्यांना तेल लावलं तर?"

"भाऊसाहेब, ऑम्लेट करायचा विचार आहे का?" चेअरमन म्हणाले, आणि सभा हसून लोटपोट झाली.

"साधं खाण्याचं तेल," भाऊसाहेब कानापर्यंत लाल होत म्हणाले. "कवचाची बारीक छिद्रं बुजतात. आत हवा जात नाही, पिल्लू धरत नाही. अंडं दिसायला मात्र तसंच राहतं, म्हणून पक्षीण दुसरं घालत नाही. ती त्याच्यावरच बसून राहते."

"किती दिवस बसते?" कुणीतरी विचारलं.

"ते पुस्तकात दिलेलं नव्हतं."

या वेळी कुणी हसलं नाही.

असा मी कामाला लागलो. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला आम्ही तिघं बेटावर जायचो: भाऊसाहेब, त्यांच्या पाठीवर मी, आणि होडी वल्हवणारी नावाडीण. तिला सगळे ताई म्हणायचे. धट्टीकट्टी, फटकळ बाई. "भाऊसाहेब, वल्ह्याला हात लावू नका, तुमच्या बोटांना शाईची सवय," असं म्हणून ती त्यांना होडीच्या टोकाला बसवायची. फवारलेल्या घरट्यावर ती गेरूचा लाल ठिपका द्यायची, म्हणजे तेच घरटं पुन्हा फवारलं जाऊ नये. दहातलं एक घरटं आम्ही मुद्दाम सोडत असू. पाणकावळे संपवायचे नव्हते, आवरायचे होते.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट व्हायची. ती म्हणजे बादली. पाण्याने भरलेल्या बादलीत काही घरट्यांमधलं एकेक अंडं अलगद सोडायचं. तळाशी गेलं तर ताजं, आत नुसता बलक. तरंगलं तर आत पिल्लू तयार झालेलं. तशा अंड्यावर तेल मारायचं नाही. सगळीच तरंगली तर होडी वळवायची आणि पुढल्या वर्षी यायचं. हा नियम भाऊसाहेबांचाच होता. तो कुणी विसरू नये म्हणून त्यांनी माझ्या टाकीवर लाल रंगाने दोनच शब्द लिहिले होते: आधी बादली.

चार वर्षांत घरटी हजाराच्या खाली आली. जाळी जड होऊ लागली, पालथ्या होड्या सुलट्या झाल्या. वार्षिक सभेत मला घासूनपुसून टेबलावर मांडलं. चेअरमन म्हणाले, "सोसायटीत खरं काम करणारा हा एकटाच!" मला फार बरं वाटलं. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहायची. महिन्याभरात ज्या अंड्यांतून पिल्लं निघायची, त्यांच्यावर त्या पक्षिणी दोन-दोन महिने बसून असायच्या. होडी जवळून गेली की त्या मान वळवून माझ्याकडे बघायच्या. भाऊसाहेबांकडे नाही, माझ्याकडे. कदाचित मला तसं वाटत असेल.

पाचव्या वर्षी वारा सुटला. तीन आठवडे तलाव असा खवळला होता, की होडी लोटण्याची सोय नव्हती. अखेर एका सकाळी वारा पडला. चेअरमन धक्क्यावरच उभे होते. "आज झालं तर झालं, भाऊसाहेब. बोटुकली कालच सोडली आहेत. यंदा बेट सोडलं तर चार वर्षांची मेहनत पाण्यात. रिकामे परत येऊ नका."

बेटावर उतरल्यावर ताई गेरूचं डबडं घेऊन पुढे गेली. भाऊसाहेबांनी बादली भरली आणि पहिलं अंडं सोडलं.

ते तरंगलं.

तरंगताना ते किंचित हललं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

भाऊसाहेबांनी दुसरं अंडं उचललंच नाही. समोरच्या पांढऱ्या खडकांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते अंडं पुसून घरट्यात ठेवलं आणि बादली पालथी केली.

"काय म्हणते बादली?" ताईने लांबून विचारलं.

"बुडाली. सगळी बुडाली," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझा दांडा खाली दाबला.

डोक्यावर ऊन तळपत होतं. घाईत त्या दिवशी दहातलं एक घरटं सोडायचंही राहिलं. पक्षी उठून दूर पाण्यावर बसले होते, गप्प. थोड्या वेळाने ताई एका घरट्यापाशी वाकली ती वाकलेलीच राहिली.

"भाऊसाहेब, ऐकलंत?"

"काय?"

"आतून. अंड्यातून कुणीतरी बोलतंय."

"वारा असेल, ताई."

"वारा तर पडलाय."

मित्रांनो, तो वारा नव्हता. बाहेर यायच्या आदल्या दिवशी पिल्लू अंड्यातूनच चिवचिवतं, आतून चोच मारतं. टक्. टक्. त्या दुपारी आमच्या पुढे सगळीकडून तो आवाज येत होता, आणि आमच्या मागे काहीच आवाज नव्हता. आम्ही पाऊल पुढे टाकलं की शांतता एक पाऊल पुढे यायची. शेवटच्या घरट्यावर माझ्यातलं तेल पडलं आणि थोड्या वेळाने साऱ्या बेटावर एकट्या माझ्या नोझलमधून थेंब गळल्याचा आवाज उरला. परतताना ताई सारखी मागे वळून बेटाकडे बघत होती.

त्या वर्षी पक्षिणी तीन महिने बसल्या. लाल ठिपक्यांच्या घरट्यांमध्ये त्या वाळत गेल्या, काही तर बसल्या जागीच मेल्या. ताईने सभेत येऊन सांगितलं, की अंडी जिवंत होती, तिने आवाज ऐकला. "बादली बुडाली म्हणाली ना? मग कान तपासून घे, ताई," चेअरमन म्हणाले. सगळे हसले. भाऊसाहेब इतिवृत्त लिहीत होते. ते हसले नाहीत आणि बोललेही नाहीत. पुढे ताई धक्क्यावरून चालली की मागून कुणीतरी हळूच 'चिव' करायचं. शेवटी तिने वल्हं टाकलं आणि ती तलावाच्या पलीकडच्या काठाला बहिणीकडे राहायला गेली. तिथून तिने पत्र पाठवलं. तेच हे.

"भाऊसाहेबांना नमस्कार. अक्षर वाईट आहे, समजून घ्या. सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते. मला अजून तो आवाज येतो. भांडी घासताना येतो, केस विंचरताना येतो. कान बिघडलेत की डोकं, कळत नाही. त्या दिवशी अंड्यांतून आवाज येत होता का? हो की नाही, एवढंच कळवा. हो असेल तर मी शहाणी. नाही असेल तर औषध घेईन. वाट बघते."

भाऊसाहेबांनी नोकरी सोडली आणि मला घरी आणून खोलीतल्या खुंटीला टांगलं. माझा वायसर वाळून कडक झाला, नळीत कोळ्याने घर केलं, टाकीवरचे दोन शब्द पुसट होत गेले. ते खुर्चीत बसून पुस्तकं वाचत म्हातारे झाले. दुपारी खिडकीतून ऊन आलं की माझं पितळ तापतं आणि आतून 'टक्' असा आवाज येतो. तो आला की ते पुस्तक पालथं ठेवायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे. मित्रांनो, मी मुद्दाम करत नव्हतो. निदान माझी तशी समजूत आहे.

गेल्या आठवड्यात सोसायटीचे नवे चेअरमन घरी आले. ताईच्या बहिणीचा हा मुलगा, आता चाळिशीचा.

"काका, पंप आहे ना अजून? पाणकावळे पुन्हा दोन हजारांवर गेलेत. या वर्षी सुरुवात करावीच लागेल." त्यांनी मला खुंटीवरून काढून हलवलं. "आत काहीतरी वाजतंय."

"कागद आहे," भाऊसाहेब म्हणाले. मग अंगठ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमची मावशी कशी आहे?"

"आहे. कानात कापूस घालून बसते. घरात अंडं आणू देत नाही. डॉक्टर म्हणाले, आजीबाई, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. तरी कापूस काढत नाही."

"का?"

चेअरमन हसले. "म्हणते, भाऊसाहेबांचं पत्र येऊ दे, मग बघू. तुम्ही कशाला पत्र लिहाल तिला? वय झालं तिचं. काही निरोप असेल तर द्या, सांगतो."

भाऊसाहेबांनी मान हलवली. "नको," ते म्हणाले. "तिने पत्राने विचारलं होतं. पंप मी स्वतः आणून देतो."

पाहुणे गेल्यावर त्यांनी माझं झाकण उघडलं आणि चिमट्याने पत्र बाहेर काढलं. उत्तर लिहायला त्यांना चार दिवस लागले. पहिल्या दिवशी पाच पानं झाली: वारा, चेअरमन, बोटुकली, पालथ्या होड्या. ती त्यांनी फाडली. दुसऱ्या दिवशी दोन पानं, तीही फाडली. चौथ्या दिवशी त्यांनी एक साधं कार्ड घेतलं. पाकीट नको, वाटेत कुणालाही वाचता यावं असंच हवं, असं ते पुटपुटले.

"ताई, हो. आवाज येत होता. मलाही ऐकू आला. पहिलं अंडं बादलीत तरंगलं होतं, आणि मी तुम्हाला बुडालं म्हणून सांगितलं. तुम्ही शहाण्याच आहात. हे कार्ड हवं त्याला दाखवा. मीही सोसायटीत हेच सांगणार आहे."

मग त्यांनी मला घासलं, नवा वायसर बसवला आणि पुसट झालेल्या दोन शब्दांवरून पुन्हा लाल रंगाचा हात फिरवला. आज सकाळी मला पाठीवर आणि बादली हातात घेऊन ते धक्क्याकडे निघाले आहेत.

मित्रांनो, मला पुन्हा बेटावर जायचं आहे. माझ्या कामाची मला लाज नाही. माशांनी जगावं, होड्यांनी सुलटं राहावं, हे मलाही हवं आहे. माझी विनंती एवढीच आहे: तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती असं एखादं काम येईल, तेव्हा घाई कितीही असो, बादली पालथी करू नका. आणि केलीत, तर विचारणाऱ्याला सतरा वर्षं थांबवू नका.

रस्त्याच्या वळणावर टपालपेटी आली. भाऊसाहेबांनी बादली खाली ठेवली. कार्ड फटीत अर्धं गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांची बोटं ते सोडेनात. मग बोटं सुटली.

आतून आवाज आला: टक्.

भाऊसाहेब दचकले आणि त्यांनी हात मागे नेऊन माझ्या टाकीवर ठेवला. माझं पितळ अजून गार होतं. आवाज माझ्यातून आलेला नव्हता.