तीन कंपन्या, एक माणूस

"दुसऱ्या कंपनीला चहा बिनसाखरेचा," पहिल्या कंपनीचा कप रिकामा करत तो माणूस म्हणाला आणि त्यानं चष्मा लावला.

लिपिकानं दुसरा कप पुढे केला. सरकारी दवाखान्याच्या लिफ्टचं टेंडर उघडायचं होतं. नियमानुसार किमान तीन कंपन्या लागत होत्या आणि तीन आल्याही होत्या; फक्त एकाच माणसातून आल्या होत्या. लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येकानं प्रतिस्पर्ध्यांच्या पाकिटांवर सही करायची पद्धत होती. त्यानं एक सही उजव्या हातानं केली, दुसरी डाव्यानं. तिसरीला जरा अडखळला.

"सावकाश होऊ द्या," लिपिक म्हणाला.

लिपिकाचा जीव या लिफ्टवर टांगलेला होता. आईचं डायलिसिस तिसऱ्या मजल्यावर व्हायचं आणि दवाखान्याला नुसता जिना होता. प्रत्येक वळणावर ती टेकायची आणि म्हणायची, "तुझ्याच हापिसातून येणारे ना रे लिफ्ट? मग चांगलीच येईल."

तो साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, तिन्ही कंपन्यांचा माणूस एकच आहे."

"सह्या किती?"

"तीन."

"शिक्के?"

"तीन."

"मग माणसानं काय घोडं मारलंय? माणसं मोजा असं नियमात कुठंय?"

"साहेब, तो मघाशी स्वतःलाच म्हणाला, 'तुम्ही फार दर लावलात बुवा.'"

"बघ! याला म्हणतात स्पर्धा." साहेबांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "तुला संशय फार येतो. ट्रेनिंगला पाठवतो तुला."

टेंडरमधली लबाडी कशी ओळखावी, याचं ट्रेनिंग होतं. शिकवायला तोच माणूस आला. चष्मा नव्हता, टाय होता. लिपिकाला पाहून तो लग्नात भेटलेल्या पाहुण्यासारखा हसला.

"एकच माणूस तीन कंपन्यांतर्फे आला, तर समजा, पाणी मुरतंय," तो कळकळीनं म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लिपिकानं हात वर केला. "समजल्यावर काय करायचं?"

"वर कळवायचं."

"कळवलं."

"शाब्बास! यांच्यासाठी टाळ्या."

टाळ्या दणदणीत झाल्या. चहाच्या सुट्टीत लिपिकानं त्याला कोपऱ्यात गाठलं.

"एक विनंती होती. बाकी काहीही करा, पण लिफ्ट तेवढी चालू द्या. माझ्या आईला जिना झेपत नाही हो."

माणूस खरोखर हळहळला. "अरेरे. पण ते काम माझ्याकडे नाही आलं. दुसऱ्या कंपनीनं नेलं."

"दुसरी कंपनी तुम्हीच ना?"

"मीच. पण तिचं आणि माझं पटत नाही," तो म्हणाला आणि त्यानं बिनसाखरेचा कप उचलला.

लिफ्ट आली. चकचकीत, आत आरसा, स्टुलावर लिफ्टमन. आईनं केस नीट केले, मुलाचा दंड धरून आत पाऊल टाकलं. लिफ्टमननं तीनचं बटण दाबलं. दार मिटलं. वरचे आकडे पळाले: एक, दोन, तीन. घंटा वाजली, दार उघडलं.

समोर तळमजलाच होता. तेच बाकडं, तोच केसपेपरचा काउंटर.

"कळलंसुद्धा नाही रे चाललेली," आई कौतुकानं म्हणाली. मग तिला काउंटर दिसला. तिनं मुलाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"सगळ्यांना असंच होतं," लिफ्टमन म्हणाला. "वरून सांगितलंय, बटण दाबत राहायचं."

आई म्हणाली, "असू दे. जिन्याआधी आरसा तरी बघायला मिळाला."

लिपिक तिच्यापुढे पाठ करून वाकला. तिनं त्याच्या गळ्याभोवती हात टाकले. तिचं वजन इतकं कमी झालंय हे त्याला तेव्हा कळलं. मागे लिफ्टमननं पुन्हा बटण दाबलं.

तो धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा तिथल्या लिफ्टच्या मिटलेल्या दारावर लाल दिव्यात तीनचा आकडा झळकत होता. आईनं आपला तळवा हलकेच त्याच्या डोळ्यांवर ठेवला.