सन्मतीचा नियम

जिभेखाली गोळी ठेवली की ती विरघळेपर्यंत सन्मतीला बोलता येत नसे, आणि त्याची आई चंपाबाई नेमकी तीच वेळ साधून त्याला झापायच्या.

"उद्यापासनं दशलक्षण पर्व. अख्खं गाव कायतरी सोडतंय. तू ही गोळी सोडायची. बस्तीत महाराजांपुढं नियम घ्यायचा. ऐकलंस का रं?"

सन्मती नुसता हुंकारला.

"हूं काय, म्हशीगत?"

भाकरी थापता थापता त्याच्या बायकोला, क्षमाला, हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. "आत्या, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मनानं बंद करायची न्हाय."

तंबाखूच्या वखारीत पोत्यांची थप्पी अंगावर येऊन सन्मतीची कंबर मोडली होती. दुखणं गेलं, त्यावरच्या कॅप्सूल मात्र सुटल्या नाहीत. नाही घेतली की नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, कुणीतरी हाडं पिळतंय असं वाटायचं. चैन केव्हाच संपली होती. नुसतं उठून उभं राहायला त्या लागत होत्या. बेळगावच्या डॉक्टर सौम्यांनी हे ओळखून जिभेखालची गोळी सुरू केली. तिनं नशा येत नसे, तलफ मात्र दबून राही. पुढं बेताबेतानं कमी करू, कधी ते मी सांगेन, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि बजावलंही होतं, "मधेच सोडलीत आणि तलफ आली म्हणून जुन्या कॅप्सूल पूर्वीएवढ्या घेतल्यात, तर जीव जाईल. शरीराला आता तेवढी सवय राहिलेली नाही."

चंपाबाईंना यातलं एकच दिसत होतं, की पोरगा रोज सकाळी गोळी खातो. एक व्यसन गेलं, दुसरं लागलं, असं गल्लीत बायका बोलायच्या. त्यांना पोरगा निर्मळ हवा होता. त्याच्यासाठी त्यांनी इतके उपास केले होते की त्यांना नाही म्हणायला सन्मतीची जीभ वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, महाराजांचं प्रवचन संपलं आणि एकेक जण हात जोडून उठू लागला. कुणी मीठ सोडलं, कुणी चहा. एकानं मोबाईल सोडला तेव्हा त्याची बायकोच मोठ्यानं म्हणाली, "बघूया!" बस्ती हसली. त्या हशातच चंपाबाईंनी सन्मतीला कोपरानं ढोसलं.

तो उठला. महाराजांपुढं घेतलेला नियम आपण मोडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तीच तर भीती होती. एक वाक्य तोंडून गेलं की संपलं.

"महाराज," त्याचा आवाज चिरकला, "मी नशेच्या कॅप्सूल खात होतो."

चंपाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता औषध चालू हाय. आई म्हणते, ते सोड. सोडलं तर चार दिवसांत मी पुन्हा त्या कॅप्सूल शोधत फिरंन, आणि तिथनं परत येणार न्हाय. मला दुसरा नियम द्या. डॉक्टर थांब म्हणंपर्यंत एक सकाळसुदीक गोळी चुकवायची न्हाय."

"सोडायचं सोडून हा धराय लागलाय की!" मागून कुणीतरी खिदळलं.

महाराज हसले नाहीत. "नशा सोडलीस न्हवं?"

"सोडली, महाराज."

"मग त्याग झालाच की. औषध देणं आपल्यात दान मानलंय. घेणाऱ्याला पाप कुठनं लागंल?" आणि त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला.

सन्मती खाली बसला. आईकडं बघायचा धीर होईना.

बाहेर चपला घालताना पद्मराज आप्पा जवळ आले. वखारीचे मुकादम. ते नुसते खाकरले तरी गडी कामाला लागत. आता मात्र ते पार सन्मतीच्या कानाशी आले. "पोरा, पाठीसाठी म्हणून मीबी त्याच खातोय. सुटंनात. कुठं हाय रं तुझी ती डॉक्टरीण?"

सन्मतीनं तोंड उघडायच्या आत चंपाबाईच पुढं झाल्या. डोळे पुसलेले, पण आवाज नेहमीचा खणखणीत.

"उद्या सकाळच्या गाडीनं आमच्या सन्मतीसंगं जावा, आप्पा. त्याला सगळं ठावं हाय. आन् हळू कशाला बोलताय? माझा पोरगा भरल्या बस्तीत उभा ऱ्हायला!"

बस्तीच्या कमानीपर्यंत पोचलेली माणसं मागं वळून बघू लागली. बघेनात का! सन्मतीनं मान खाली घातली नाही.

"साडेसहाला स्टँडवर या, आप्पा," तो म्हणाला. "मी जागा धरून ठेवतो."