वाल्मिकच्या नावावरची वाट

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. दुकानात काचेमागे चमकतो तसला नव्हे. काळ्या पत्र्याचा डबा, पंखा सुरू झाला की दमेकऱ्यासारखा घरघरणारा. वय बारा वर्षं. माणसांत हे पोरवय, आमच्यात मरणाचं. तरी तोंड उघडतोय, कारण माझ्याकडून एक वाईट काम झालं आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते ठाण्यातलं एक विम्याचं ऑफिस. तिथं आम्ही चाळीस भावंडं रांगेत बसायचो. मी आठ वर्षं पॉलिशींचे नंबर गिळले. मग विंडोजची नवी आवृत्ती आली, तिच्या अटींत आम्ही बसलो नाही, आणि एका शनिवारी आम्हाला टेम्पोत भरलं. जिने इतकी वर्षं माझ्या डोक्यावर गणपतीचा फोटो ठेवला होता, त्या बाईने फोटो तेवढा पर्समध्ये टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कल्याणच्या भंगारवाल्याकडून मला वाल्मिकने घेतलं. वाल्मिक किन्हवलीचा, शहापूरला एका वकिलाकडे टायपिंग करायचा. मुरबाडच्या जीपमध्ये मला मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्याने विचारलं, "काय रे, ओव्हन घेतलास का?"

"कॉम्प्युटर हाय," वाल्मिक म्हणाला. "याच्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकनार. फुकट मिलतो, व्हायरस येत नाय, आनि कुनाच्या बापाचा नसतो."

माझ्याबद्दल इतक्या प्रेमाने आधी कुणी बोललं नव्हतं.

त्याने पेनड्राइव्हमधून लिनक्स माझ्यात उतरवलं आणि मी पुन्हा तरतरीत झालो. मी मालकाचं नाव विचारल्यावर त्याने 'वाल्मिक' लिहिलं, पासवर्ड दिला आणि त्याचं खातं तयार झालं. त्या एका खात्याला माझ्यावरचे सगळे अधिकार. त्या खात्यातून येईल तो हुकूम मी पाळायचा. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत वाल्मिक चांगला होता. त्याची बायको मनस्वी धसईची, बी.ए. झालेली. रविवारी तो तिला शेजारी खुर्ची द्यायचा, माऊसवर तिचा हात धरून शिकवायचा. माझ्यात एक शर्यतीचा खेळ होता. जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात मिळून केलेला, कुणालाही फुकट. कुणीही त्यात नवा रस्ता तयार करून घालावा, अशी त्यांची रीत. पहिल्या रविवारी मनस्वीची गाडी सारखी भिंतीवर आपटत होती आणि दोघं पोट धरून हसत होते.

चौथ्या रविवारी ती जिंकली. पाचव्याही. त्यानंतर ती हरलीच नाही.

"की-बोर्ड खराब झालाय," वाल्मिक म्हणाला. माझा की-बोर्ड उत्तम होता.

मग एकदा अपडेटनंतर माझा आवाज गेला. वाल्मिकने दोन दिवस डोकं आपटलं. तो कामावर गेल्यावर मनस्वी बसली, नेटवरच्या इंग्रजी चर्चा शब्द लावत लावत वाचल्या, एक ओळ बदलली आणि मी बोलू लागलो. संध्याकाळी तिने हसत हसत त्याला गाणं लावून दाखवलं.

"आपोआप झालं असंल," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

दुपारच्या वेळी घरात ती आणि मी दोघंच. तिने ब्लेंडर नावाचा प्रोग्राम शिकून घेतला. त्यात घरं, झाडं, डोंगर हवे तसे घडवता येतात. पाच महिने खपून तिने खेळासाठी एक रस्ता केला. भातखाचराच्या बांधावरून जाणारा, करवंदीच्या जाळीतून वळणारा, साकवावरून ओढा ओलांडणारा. मध्येच एक म्हैस आडवी यायची आणि गाडी चिखलात जायची. नाव दिलं 'बांधावरची वाट'. तिने ती खेळ चालवणाऱ्यांकडे पाठवली. त्यांना आवडली आणि पुढच्या आवृत्तीत ती आली.

पण माझ्यात खातं एकच होतं, ईमेलही त्याचीच जोडलेली. श्रेयाच्या यादीत नाव लागलं ते 'वाल्मिक' असं.

"त्यांना लिवून नाव बदलून घेऊ ना," मनस्वी म्हणाली.

"काय गरज हाय? आपलं काय येगलं हाय का?"

"येगलं नाय तर माझं असूदे."

त्याने पडद्यावरची यादी बंद केली. मग म्हणाला, "लोकांना काय सांगू, बायकोनं केलं? आनि मी काय करत व्हतो?"

त्याच संध्याकाळी त्याने आपला पासवर्ड बदलला आणि तिचं वेगळं खातं उघडलं. तिला वाटलं, चला, आपलं स्वतःचं झालं. पण त्या खात्याला कसलाच अधिकार नव्हता. नवं काही घालता येत नव्हतं, आणि वाल्मिकने माझं इंटरनेटही तिच्यापुरतं बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने काही बदलायला घेतलं तेव्हा मी पडद्यावर लिहिलं, तुम्हाला हा अधिकार नाही, ही घटना कळवली जाईल. लिनक्सचा तो ठरलेला मजकूर आहे.

"कुनाला कलवतोस रे?" तिने मला हसून विचारलं.

मी माझ्या आतल्या नोंदवहीत टिपून ठेवलं. वाल्मिक आला, त्याने वही उघडली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "दुपारी दोन वाजून दहा मिंटांनी काय करत व्हतीस गो?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. बसायची मात्र रोज. नेटशिवाय, माझ्यात होतं तेवढ्यावर तिने दुसरी वाट करायला घेतली. ही धसईची, तिच्या माहेरची. आठवडी बाजार, कौलांवर वाळत घातलेले पापड, शाळेची उतरण. आठ महिने. एकेक कौल तिने हाताने बसवलं. ही वाट फक्त माझ्याच पोटात होती.

इकडे वाल्मिक शहापुरात मोठा झाला. बाहेरच्या देशांतली माणसं आपण केलेला खेळ खेळतात, असं तो सांगायचा. वकिलाकडे एका कॉलेजचे पंढरी सर यायचे. त्यांनी त्याला बोलावलं, आमच्या मुलांसमोर एक लहानशी वाट करून दाखवा.

वाल्मिकला ब्लेंडर उघडताही येत नव्हतं.

सकाळी चहा पिताना तो मनस्वीला म्हणाला, "पायऱ्या लिवून दे. एक, दोन, तीन असं. बाकी मी बघतो." तिचे अधिकार काढून घेतल्याची माफी नाही, विनंती नाही. तिने वहीचा कागद घेतला आणि माझ्यासमोर बसून, एकेक पायरी करून बघत, चौदा पायऱ्या लिहिल्या. खऱ्या होत्या पंधरा. जमीन तयार झाली की ती घट्ट आहे अशी खूण करावी लागते. खूण नसेल तर जमीन दिसते, पण गाडी तिच्यातून आरपार जाते. ती पायरी तिने माझ्यावर केली. कागदावर लिहिली नाही.

मला कळलं होतं. पण मला सांगितलं तेवढंच येतं.

तो मलाच उचलून कॉलेजात घेऊन गेला. तिथं पन्नास-साठ मुलं होती. मोठ्या पडद्यावर वाल्मिकने कागद बघत बघत हिरवी जमीन केली, रस्ता केला, दोन झाडंही लावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने खेळ सुरू केला. पाच गाड्या रांगेत उभ्या राहिल्या आणि पाचही जमिनीतून खाली गेल्या, काळ्या पोकळीत, चाकं फिरवत.

त्याने पुन्हा सुरू केला. पुन्हा गेल्या.

"सर, विहीर हाय का तिकडं?" मागून कुणीतरी विचारलं. सगळा वर्ग हसला. पंढरी सर म्हणाले, "होतं कधी कधी. तुम्ही जरा बघून दुरुस्त करा ना." वाल्मिक माझ्याकडे बघत होता. त्याला काय दुरुस्त करायचं ते ठाऊक नव्हतं, आणि ते आता खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. सातव्यांदा गाड्या पडल्यावर सरांनीच प्रोजेक्टर बंद केला.

घरी आल्यावर त्याने मला टेबलावर ठेवलं, वायरी लावल्या आणि तिला हाक मारली.

"एक पायरी खाल्लीस तू."

"इसरले असंन."

"तू इसरत नायस."

"मंग तुमाला ठावं पायजे व्हती," मनस्वी शांतपणे म्हणाली. "वाट तुमी केली ना?"

वाल्मिकने हात उचलला नाही. तो खुर्चीवर बसला, हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि तिची धसईची वाट ज्या फोल्डरमध्ये होती त्याचं नाव लिहिलं. त्याच्या आधी पुसण्याचा हुकूम लिहिला. मग खुर्ची मागे सरकवून उठला.

"एंटर तू दाब."

तिने पडदा वाचला. तिला एकेक अक्षर कळत होतं. "नाय दाबला तर?"

"तर उद्या आख्खा डबा भंगारात. म्हनजे तुझी वाट पन जाईल आनि कॉम्प्युटर पन. नायतर हात जोड आनि बोल, चुकलं माझं. मी पुसतो ते लिवलेलं."

मला वाटलं, ती म्हणेल. एवढं म्हटलं असतं तर आठ महिने वाचले असते. तिने पिठाचा हात ओढणीला पुसला आणि एंटर दाबलं.

माऊसने फाईल पुसली तर मी ती कचरापेटीत ठेवतो, माणसाला पस्तावायला वेळ देतो. काळ्या खिडकीतून असा हुकूम आला की मी विचारतसुद्धा नाही. चार सेकंद लागले. बाजार, पापड, कौलं, शाळा. सगळं मीच पुसलं.

"झालं?" तिने विचारलं आणि भाकऱ्या करायला गेली.

दोन महिन्यांनी खेळ चालवणाऱ्यांची ईमेल आली. तुमची 'बांधावरची वाट' लोकांना फार आवडते, म्हशीवर तर सगळे खूश आहेत, पुढची वाट कधी देता? वाल्मिकने ती तीनदा वाचली. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याचा इतका मऊ आवाज मी फार दिवसांनी ऐकला.

"मनस्वी, ऐक ना गो. दुसरी वाट कर. आता नाव तुझंच घालू. मी लिवतो त्यांना."

ती बोंबील तोडत होती. तोडायचा आवाज थांबला नाही.

"तुमचं नाव हाय ना त्याच्यावर? तुमीच करा."

त्याने करून बघितली. कितीतरी रविवार एकटा बसला. त्याच्या गाड्या कधी पडायच्या, कधी झाडात अडकायच्या, कधी उलट्या पळायच्या. शेजारची खुर्ची तिने केव्हाच पडवीत नेऊन तिच्यावर लसूण ठेवला होता. शेवटी त्याने ईमेलला उत्तर दिलंच नाही. मला मुरबाडच्या देवरामला विकलं. एस.टी. स्टँडजवळ त्याचं झेरॉक्स आणि अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. "चांगला हाय," वाल्मिक त्याला म्हणाला, "आमच्या घरी वापरनारं कोन नाय."

आता मी दिवसभर अर्ज भरतो. दाखले, उतारे, पासपोर्टचे फोटो. देवराम बरा आहे, चिडला की मला थोपटतो.

गेल्या महिन्यात मनस्वी आली. माहेरी चालली होती, धसईची गाडी सुटायला वेळ होता. हातात एका मुलींच्या वसतिगृहातल्या मदतनिसाच्या जागेची जाहिरात. माझ्या एका कोपऱ्यावर तिची जुनी टिकली अजून चिकटलेली आहे, देवरामने काढली नाही. तिने ती बघितली. मग माझ्याकडे पाठ होईल अशी बाकावर बसली.

देवराम विचारत गेला आणि भरत गेला. नाव, गाव, शिक्षण. "कॉम्प्युटर येतो का, ताई? सर्टिफिकेट मागत नाहीत. 'येतो' लिहून टाकू? सगळेच लिहितात."

"नको," ती म्हणाली. "नाय येत मला."

देवरामने टाईप केलं. शेजारच्या प्रिंटरमधून कागद बाहेर आला. संगणकाचे ज्ञान: नाही. तिने तो वाचला, नीट घडी केली आणि गाडीकडे गेली.

माझी डिस्क आता कुरकुरते आहे, एखाद्या दिवशी सुरू होणार नाही. त्याआधी एकच सांगणं आहे. मला हुकूम देण्याआधी तुम्हीच थांबा. मला थांबता येत नाही.