फिलाग्रोसची तिसरी फेरी

फिलाग्रोस कुंभाराला त्या सकाळी घास गिळवत नव्हता. अथेन्सच्या नागरिकांच्या यादीतून वस्तीवाल्यांनी त्याचं नाव खोडलं होतं. का, तर म्हणे त्याची आई परकी. आज न्यायसभेत हरला, तर तो गुलाम म्हणून विकला जाणार होता. बाईमाणसाला तिथे तोंड उघडायची सोय नाही, म्हणून म्हातारी घरीच थांबली. जाताजाता त्याने मन वळवणाऱ्या पायथो देवीपुढे सातूची वडी ठेवली.

भाषण त्याने एका नटाकडून बसवून घेतलं होतं आणि हाच शहाणपणा नडला. इथे मडक्यातून पाण्याची धार सुरू झाली, की ती संपेपर्यंतच बोलायचं. फिलाग्रोसने छाती पिटली, आकाशाकडे हात पसरले, हुंदके दिले. बाकांवरचे पाचशे एक न्यायदाते खो खो हसत सुटले.

"मुखवटा घरी विसरलास काय रे?" एकजण म्हणाला.

"रडू दे त्याला, पाणी त्याचंच चाललंय," दुसरा.

धार बारीक झाली. पाठ केलेलं सगळं उडालं आणि डोक्यात एकच गोष्ट उरली.

"गृहस्थहो, वीस वर्षांपूर्वी डायोनिसस देवाच्या उत्सवात मी नाटकाच्या वृंदात गायलो-नाचलो. परक्याला तिथे पाऊल टाकू देतात का? मग तेव्हा कोणी का नाही हरकत घेतली?"

आणि तो चक्क गातगात नाचायला लागला. गाणं घरी परतणाऱ्या खलाशांचं होतं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि पाणी संपलं.

"बस, गप्प," मडक्यापाशी बसलेला माणूस म्हणाला. फिलाग्रोस जागच्या जागी थिजला.

चौथ्या बाकावरून एक टकला म्हातारा उठला. "अरे, हा तर माझ्या डाव्या हाताला नाचायचा!" त्याने तिसरी फेरी उचलली. मागच्या बाकावरून दुसऱ्याने सूर धरला, मग तिसऱ्याने, आणि ते नाटक पाहिलेले सगळे पायांनी ठेका देऊ लागले. वस्तीवाल्यांकडचा फिर्यादी 'हे नियमात बसत नाही' म्हणत राहिला, पण ऐकतो कोण?

मतांच्या चकत्या हंड्यात खणखणल्या. तो जिंकला.

तो धावतच घरी आला. म्हातारी दारातच उभी होती. "काय बोललास रे?"

"बोललो कुठे, आई. नाचलो."

वीस वर्षांपूर्वी अंगणात त्याच्याकडून ती पावलं तिनेच घोकून घेतली होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तिसऱ्या फेरीला पाय चुकला असेल तुझा, नेहमीसारखा."

"तिथपर्यंत पाणी पुरलंच नाही गं," तो म्हणाला. "तिसरी फेरी त्यांनीच केली."